'द ग्रेट गॅट्सबी'च्या एसेवर 'अ‍ॅनालिसिस कुठे आहे?' असा शेरा आला, तर

प्रश्न: मुलगा न्यू जर्सीत अकरावीला आहे. गणित-सायन्स उत्तम. इंग्लिशला सध्या 'द ग्रेट गॅट्सबी' चालू आहे. चार पानी एसे लिहिला, त्यावर बी मायनस आणि शेरा, 'गोष्ट सांगितलीस, अ‍ॅनालिसिस कुठे आहे?' मी मराठी माध्यमात शिकले. मदत करावी म्हणून कादंबरी हातात घेतली, तर पहिल्याच प्रकरणात अडकले. त्यात दारू काय, लफडी काय! हे पुस्तक मुलांना का लावतात? ट्यूटर लावू का? आणि मी घरी काही करू शकते का?

उत्तर: आधी ट्यूटरचं बोलते. लगेच लावू नका. मी इथल्या पब्लिक हायस्कूलमध्ये बरीच वर्षं अकरावीला अमेरिकन लिटरेचर शिकवते आहे, आणि गॅट्सबीच्या पहिल्या एसेवर हाच शेरा मी दरवर्षी ढिगाने देते. हुशार मुलांना जरा जास्तच देते. त्यांना गोष्ट पक्की कळलेली असते आणि कळली आहे हे दाखवायची घाई असते. मुलाला पुस्तक समजलं नाही असं त्या शेऱ्यात कुठेही म्हटलेलं नाही. मागितलं काय होतं ते त्याला समजलेलं नाही, आणि ते समजवायला तासाचे पैसे घेणारा माणूस लागत नाही.

पुस्तक का लावतात, तर तशी कुणाची सक्ती नाही. बालभारतीसारखं एकच पुस्तक सगळ्या राज्याला, असा प्रकार इथे नसतो. यादी त्या-त्या भागातल्या शाळा चालवणारं स्कूल डिस्ट्रिक्ट ठरवतं. 2010 साली आलेल्या, अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या कॉमन कोअर या शैक्षणिक मानकांत अकरावी-बारावीला पायाभूत अमेरिकन साहित्याची ओळख हवी एवढं म्हटलं आहे, आणि नमुन्यादाखल दिलेल्या पुस्तकांत गॅट्सबी आहे. शिक्षकांना ते आवडतं त्याचं कारण मात्र साधं आहे. नऊच प्रकरणं, दोनशे पानांच्या आतबाहेर, महिन्याभरात वाचून होतं, आणि तरी कुठलंही पान उघडलं तरी तासभर बोलता येतं. 1925 च्या एप्रिलमध्ये आलं तेव्हा ते फारसं चाललं नव्हतं. लेखक एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड 1940 साली 44 व्या वर्षी गेला, तेव्हा दुसऱ्या छपाईच्या प्रती गोदामात तशाच पडून होत्या. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना फुकट वाटायच्या खिशात मावणाऱ्या आवृत्त्या निघाल्या, त्यात याच्या सुमारे 1,55,000 प्रती गेल्या. मग समीक्षकांनी उचललं, मग कॉलेजांनी, मग शाळांनी.

तुम्ही पहिल्या प्रकरणात अडकलात म्हणता, म्हणून गोष्ट चार ओळींत. 1922 चा उन्हाळा. निक कॅरवे हा मिडवेस्टचा तरुण बाँडचा धंदा शिकायला न्यूयॉर्कला येतो आणि लाँग आयलंडवर छोटं घर भाड्याने घेतो. शेजारी गॅट्सबीचा महाल, तिथे पार्ट्यांची रेलचेल. खाडीपलीकडे निकची लांबची बहीण डेझी आणि तिचा गडगंज नवरा टॉम राहतात. पाच वर्षांपूर्वी गॅट्सबी आणि डेझीचं जमलं होतं. तिला परत मिळवायला त्याने हा सगळा डोलारा उभा केला आहे, आणि पैसा आला आहे चोरट्या दारूच्या धंद्यातून (1920 ते 1933 अमेरिकेत दारूबंदी होती). टॉमचं गॅरेजवाल्या विल्सनच्या बायकोशी प्रकरण. शेवटी डेझी गाडी चालवत असताना ती बाई गाडीखाली येते, आळ गॅट्सबीवर जातो, विल्सन त्याला गोळी घालतो आणि डेझी-टॉम सामान बांधून निघून जातात. लफडी आहेत, पण आंबटशौकी वर्णनं नाहीत. तुमच्या मुलाच्या फोनवर याहून पुष्कळ काही येत असणार. पुस्तक बदलून मागायची सोय बऱ्याच शाळांत असते, पण मी तरी ती वापरू नका असंच सांगेन.

आता एसे. तुम्ही तो पाठवलेला नाही, पण पहिलं वाक्य मी न बघता सांगते: 'या कादंबरीतून फिट्झजेराल्ड अमेरिकन ड्रीम कसं फोल आहे हे दाखवतो.' (अमेरिकन ड्रीम म्हणजे मेहनत केली की कुणीही वर येऊ शकतो, हे स्वप्न.) पुढे डेझीच्या धक्क्यावरचा हिरवा दिवा म्हणजे आशा, डॉक्टर एकलबर्गच्या जाहिरातीतले डोळे म्हणजे देव, राखेचं मैदान म्हणजे गरिबी. बरोबर ना? घोडं पेंड खातं ते इथेच. यातलं चूक काहीच नाही. पण हे सगळं पुस्तक न उघडता लिहिता येतं, आणि ते शिक्षकाला पहिल्या परिच्छेदातच कळतं. 'अमेरिकन ड्रीम' ही संज्ञा रूढ झाली तीच मुळी 1931 मध्ये, जेम्स ट्रसलो अ‍ॅडम्स यांच्या पुस्तकामुळे, म्हणजे गॅट्सबीनंतर सहा वर्षांनी. त्या चौकटीत कादंबरी बसवता येत नाही असं नाही, पण चौकट आधी आणि पुस्तक मागून, असा उलटा प्रवास होतो.

तुम्ही मराठी माध्यमात शिकलात हे तुम्ही कमीपणा म्हणून लिहिलं आहे. मी ते भांडवल समजते. तुम्ही रसग्रहण केलेलं आहे. चार ओळी दिलेल्या असायच्या, आणि कवीने हीच प्रतिमा का घेतली, हाच शब्द का वापरला, त्याने काय साधलं, हे आपल्या शब्दांत लिहायचं. संदर्भासह स्पष्टीकरण आठवा: कोण, कोणाला, केव्हा म्हणालं आणि त्याचा अर्थ काय. इथला अकरावीचा इंग्लिश टीचर नेमकं तेच मागतो आहे, फक्त चार ओळींऐवजी चार पानं आणि वर एक ठाम मुद्दा. नवनीत गाईडमधून पाठ केलेलं रसग्रहण आणि स्वतः केलेलं रसग्रहण यातला फरक तुम्हाला नक्की कळत असणार. मुलाच्या एसेत तोच फरक शोधा.

नुसतं सांगून हे उमजत नाही, म्हणून एक जागा जवळून दाखवते. नववं प्रकरण काढा. गॅट्सबी मेला आहे. त्याचे म्हातारे वडील, मिस्टर गॅट्झ, मिनेसोटाहून आले आहेत. (मुलाने नाव बदललं होतं, मूळचा तो जेम्स गॅट्झ.) ते खिशातून एक फाटकं पुस्तक काढतात. काउबॉयच्या गोष्टीचं पुस्तक, मुलाच्या लहानपणचं. शेवटच्या कोऱ्या पानावर त्याने स्वतःचं वेळापत्रक लिहिलेलं आहे, तारीख 12 सप्टेंबर 1906. सकाळी 6 ला उठणे. 6.15 ते 6.30 डंबेल्स आणि भिंतीवर चढणे. 7.15 ते 8.15 विजेचा वगैरे अभ्यास. 8.30 ते 4.30 काम. मग अर्धा तास बेसबॉल. 5 ते 6 बोलण्याचा आणि रुबाबाचा सराव. 7 ते 9 आवश्यक शोधांचा अभ्यास. खाली संकल्प: वेळ वाया घालवायचा नाही, विडीकाडी आणि तंबाखू बंद, एक दिवसाआड आंघोळ, आठवड्याला एक चांगलं पुस्तक किंवा मासिक, आठवड्याला पाच डॉलर शिल्लक. हे पाच खोडून तीन केले आहेत. आणि सगळ्यात शेवटी, आई-वडिलांशी नीट वागायचं.

आपल्याकडे दहावीच्या वर्षात घरोघरी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं हेच वेळापत्रक असतं. वर्गातली देसी मुलं या पानावर हमखास हसतात, आणि मग एकदम गप्प होतात.

तुमच्या मुलाने इथे काय लिहिलं असेल? 'गॅट्सबी लहानपणापासून महत्त्वाकांक्षी आणि मेहनती होता.' हा सारांश. पान तेच म्हणतंय, आपण फक्त पुन्हा म्हटलं. आता प्रश्न विचारा. पाचाचे तीन का? मुलगा स्वप्नाळू असेलही, पण हिशेबी आहे. आपल्याला किती झेपेल ते त्याला त्या वयात कळत होतं. मग बत्तिशीच्या आसपास पोचलेला तोच माणूस, भूतकाळ परत आणता येत नाही असं निकने सांगितल्यावर 'का नाही, येतोच की' असं म्हणतो, तेव्हा तो खोडणारा हात गेला कुठे? दुसरा प्रश्न. शेवटचा संकल्प आई-वडिलांचा, आणि चौथ्या प्रकरणात याच गॅट्सबीने निकला सांगितलं आहे की घरचे सगळे वारले, त्यांच्याकडून बराच पैसा आला. बाप तर इथे जिवंत उभा आहे! पण तोच बाप सांगतो की दोन वर्षांपूर्वी मुलगा येऊन भेटला, राहायला घर घेऊन दिलं. म्हणजे संकल्प पाळला का मोडला? जगापुढे बापाला मारून टाकलं आणि गुपचूप त्याला घर घेऊन दिलं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या. तिसरा प्रश्न, आणि हा मला सगळ्यात आवडतो. म्हातारा एकेक ओळ मोठ्याने वाचतो, मग आशेने निककडे बघतो. निक म्हणतो की ही यादी मी स्वतःसाठी उतरवून घ्यावी अशी त्यांची अपेक्षा असावी. हे वाक्य वाचताना निकचा ओठ किंचित वाकडा झालेला दिसतो की नाही?

एवढ्या एका पानातून मुद्दा असा निघू शकतो: गॅट्सबी आपलं मूळ पुसत नाही, लपवून ठेवतो, आणि लपवलेल्या त्या भागातच त्याचा उरलासुरला भलेपणा आहे. ही झाली थीसिस. कुणी हो म्हणेल, कुणी नाही म्हणेल, आणि दोघांनाही पुस्तकातली पानं उघडावी लागतील. 'अमेरिकन ड्रीम फोल आहे' याला नाही कोण म्हणणार? ज्या विधानाशी भांडताच येत नाही त्यावर चार पानं लिहिली की ती आपोआप सारांशाने भरतात.

बेंजामिन फ्रँकलिनच्या आत्मचरित्रातही असंच दिवसाचं वेळापत्रक आहे, आणि अकरावीला ते बहुतेकदा आधी वाचून झालेलं असतं. मुलाला विचारा, त्यांच्या वर्गात झालं का. झालं असेल तर एसेला आणखी एक परिच्छेद फुकटात मिळाला.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे निक. मुलं त्याला आरशासारखं वापरतात: निकने सांगितलं म्हणजे तसंच झालं. पहिल्या पानावर निक बजावतो की वडिलांच्या शिकवणीमुळे मी कुणाबद्दल चटकन मत बनवत नाही. त्याच प्रकरणात टॉमचा देह क्रूर आहे असं सांगून मोकळा होतो. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी म्हणतो, मला भेटलेल्या मोजक्या प्रामाणिक माणसांपैकी मी एक. त्याच्याच दोन ओळी आधी काय आहे? गावाकडच्या एका मुलीला तो दर आठवड्याला 'लव्ह, निक' अशी सही करून पत्रं पाठवत होता, आणि इकडे डेझीची मैत्रीण जॉर्डन हिच्यात गुंतत चालला होता. आठव्या प्रकरणात गॅट्सबीला सांगतो की त्या सगळ्या कंपूपेक्षा तू एकटा मोलाचा आहेस, आणि लगेच आपल्याला सांगतो की मला तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पसंत नव्हता. गाडी डेझी चालवत होती हे त्याला ठाऊक आहे, पण शेवटी टॉम समोर येतो तेव्हाही तो ते बोलत नाही. हे सगळं तो दोन वर्षांनंतर आठवून लिहितो आहे. म्हणून प्रत्येक कोटाखाली (पुस्तकातून घेतलेल्या ओळीखाली) मुलाने एक प्रश्न स्वतःला विचारावा: हे घडलं आहे, की निकला तसं वाटायला हवं आहे? माझ्या वर्गात एसेची पातळी जर कशाने एका झटक्यात वर जात असेल तर या एका सवयीने.

तुमच्या अडकण्याचं कारणही निकच आहे. सुरुवातीची तीन-चार पानं तो स्वतःबद्दल जड इंग्रजीत बोलतो. ती सोडा. टॉम-डेझीकडच्या जेवणापासून वाचा, तिथे गोष्ट चालू लागते. पुस्तक संपल्यावर पहिली पानं परत वाचा. तेव्हा तो माणूस काय लपवतोय ते तुम्हाला मुलाआधी कळेल.

त्याच जेवणात टॉम एक पुस्तक वाचल्याचं सांगतो. गोऱ्या वंशाने सावध राहिलं नाही तर बाकीचे वरचढ होतील, हे म्हणे शास्त्राने सिद्ध झालंय. टॉमने सांगितलेलं लेखकाचं नाव काल्पनिक आहे, पण रोख उघड आहे: लोथ्रॉप स्टोडार्डचं 1920 चं पुस्तक, जे गॅट्सबीच्याच प्रकाशकाने, स्क्रिब्नर्सने, छापलं होतं. आणि तिसऱ्या प्रकरणात गॅट्सबीच्या लायब्ररीत जाड चष्म्याचा माणूस पुस्तकं खरी आहेत म्हणून थक्क होतो, तेव्हा त्याच्या हातात येतो स्टोडार्ड लेक्चर्सचा पहिला खंड. हा स्टोडार्ड म्हणजे लोथ्रॉपचा बाप. खोडी असो वा योगायोग, मजा आहे. त्या पुस्तकाची पानंही कापलेली नाहीत. त्या काळी बऱ्याच पुस्तकांच्या कडा जोडलेल्या असत आणि वाचायला त्या सुरीने कापाव्या लागत. म्हणजे पुस्तकं अस्सल, वाचलेलं एकही नाही. यावरही एक अख्खा एसे होतो.

टॉमचं बोलणं आपल्या मुलांनी जरा थांबून वाचावं असं मला मनापासून वाटतं. कादंबरीतला उन्हाळा 1922 चा. 1923 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. आधी मिळालेली नागरिकत्वंही सरकार काढून घेऊ लागलं. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. त्यांचंही नागरिकत्व रद्द करायचा प्रयत्न झाला आणि ते कोर्टात लढून त्यांनी टिकवलं. 1924 च्या इमिग्रेशन कायद्याने आशियातून येणाऱ्यांना दार जवळपास बंद केलं. 1925 मध्ये पुस्तक आलं. टॉम जेवणाच्या टेबलावर बरळतो ते त्या वर्षांत सरकारी धोरण होतं. आणि कादंबरीत टॉमला हसण्यावारी नेलं आहे म्हणून लेखक निर्दोष सुटत नाही. चौथ्या प्रकरणात पुलावरून जाताना गोऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत बसलेली काळी माणसं बघून निक मोठ्याने हसतो, आणि त्यानंतर येणारा ज्यू जुगारी वुल्फशीम हे जवळपास नाकावरून काढलेलं व्यंगचित्र आहे. (त्याच्यामागे अर्नोल्ड रॉथस्टीन हा खरा माणूस आहे, 1919 च्या बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजच्या फिक्सिंगमध्ये त्याचं नाव घेतलं जातं.) टॉम आणि निक यांच्यात अंतर किती, हा एसेसाठी फार चांगला प्रश्न आहे. वर्गात एकटाच सावळा मुलगा असेल आणि हे बोलायला कचरत असेल तर घरी आधी तुमच्याशी बोलू दे. मराठीत बोलू दे. विचार मराठीत झाला म्हणून एसे इंग्रजीत लिहायला काही अडत नाही.

घरी तुम्ही एवढंच करायचं. एसे तपासू नका, स्पेलिंगही नको. त्याने एक विधान केलं की म्हणा, 'कुठे लिहिलंय? दाखव.' त्याने ओळ दाखवली की म्हणा, 'असंच का लिहिलंय, दुसरं काही का नाही?' तो वैतागेल. दुसऱ्यांदा उत्तर देताना जे बोलेल ते त्याला लिहून ठेवायला सांगा, तेच अ‍ॅनालिसिस. कोट लांबलचक नकोत, पाच-सहा शब्दांचा तुकडा पुरे, आणि प्रत्येक तुकड्यामागे स्वतःची निदान दोन वाक्यं हवीत. पुस्तकावर पेन्सिलने खुणा करता येत असतील तर उत्तम. शाळेची प्रत असेल तर स्टिकी नोट्स. 1 जानेवारी 2021 पासून कादंबरी अमेरिकेत कॉपीराइटमुक्त आहे, त्यामुळे फुकट ई-बुक मिळतं, फक्त पानांचे आकडे शाळेच्या प्रतीशी जुळणार नाहीत याकडे लक्ष द्या. ऑडिओबुक पाचेक तासांचं असतं. तुम्हाला स्वतःला ते वाचण्यापेक्षा सोपं जाईल.

2013 चा सिनेमा जरूर बघा, पण एसे झाल्यावर. त्यात निक सॅनिटोरियममध्ये बसून ही कहाणी लिहितो. कादंबरीत असलं काही नाही, आणि दरवर्षी कुणाच्या तरी एसेत ते सॅनिटोरियम येतंच. एआयचंही तसंच. चॅटबॉट जो एसे देतो तो नेमका हिरवा दिवा, डोळे आणि राख असाच असतो, म्हणजे ज्यावर आत्ता बी मायनस मिळालं तोच, स्वच्छ इंग्रजीत. म्हणूनच आमच्याकडे निम्मं लेखन आता वर्गात बसून, हाताने करून घेतो. पुढच्या वर्षी त्याला एपी लिटरेचर (शाळेतच कॉलेजच्या पातळीचा कोर्स) घ्यायचं असेल तर तिथेही परीक्षेत दोन तासांत तीन एसे लिहायचे असतात. प्रत्येकाला सहा गुण, त्यातले चार पुराव्याला आणि त्यावरच्या विवेचनाला, थीसिसला एक. गोष्ट सांगण्याला वेगळा गुण नाही.

ग्रेडबद्दल शिक्षकाला तुम्ही ईमेल करू नका. मुलाला पाठवा, शाळा सुटल्यावर, पुन्हा लिहिलेला एकच परिच्छेद घेऊन. चार पानं नेली तर शिक्षक चाळून 'बेटर' म्हणेल. एक परिच्छेद नेला तर वाक्यावाक्यावर बोट ठेवून बोलेल. परिच्छेद कुठला न्यायचा हे सुचत नसेल तर पाचव्या प्रकरणातला शर्टांचा प्रसंग घेऊ दे: गॅट्सबी कपाटातून रंगीबेरंगी शर्ट काढून टेबलावर ढीग घालतो आणि डेझी त्यात तोंड खुपसून रडू लागते, इतके सुंदर शर्ट मी पाहिलेच नव्हते म्हणून. ती खरंच शर्टांसाठी रडते आहे का, ते त्याने दहा ओळींत, पुस्तक उघडं ठेवून लिहावं.